पॉम्पेईची हस्तिदंती बाई, भोकरदन आणि जीपीयू शिकणारे हात

१/
इसवी सन ७९. व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि इटलीतील पॉम्पेई नगर राखेखाली गाडले गेले. १९३८ मध्ये तेथील एका घराच्या उत्खननात वीतभर उंचीची हस्तिदंती स्त्रीप्रतिमा हाती आली. अंगभर अलंकार, दोन्ही बाजूंना दोन लहानशा सेविका, आणि घडण अशी की ती भारतातूनच गेली याबद्दल शंका उरली नाही. शंका होती ती एवढीच : भारतातून, पण नेमकी कुठून?

२/
या प्रश्नाचा एक धागा जालना जिल्ह्यातील भोकरदनला येऊन पोहोचतो. केळना नदीकाठचे हे तालुक्याचे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या लेखांत भोगवर्धनच्या रहिवाशांची नोंद आहे. नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून १९७३ च्या सुमारास येथे उत्खनन केले, डॉ. शां. भा. देव आणि डॉ. र. शं. गुप्ते यांचा अहवाल १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या उत्खननात एक भग्न हस्तिदंती प्रतिमा निघाली. ती पॉम्पेईच्या बाईची सख्खी बहीण शोभावी अशी आहे. तेरलाही अशीच आणखी एक मिळाली. पॉम्पेईची प्रतिमा भोकरदनलाच कोरली गेली असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण तिच्यावरील खरोष्ठी अक्षर वायव्य भारताकडे बोट दाखवते. पण हे तिन्ही नमुने एकाच परंपरेतील आहेत, हे पाहणाऱ्याच्या सहज ध्यानात येते.

३/
त्याच उद्रेकात शेजारचे हर्क्युलेनियमही गाडले गेले. तेथील एका प्रासादात अठराव्या शतकात शेकडो पपायरसच्या गुंडाळ्या सापडल्या. त्या जळून कोळसा झालेल्या. उलगडू जावे तर भुगा होणाऱ्या. २०२३ मध्ये ‘व्हेसुव्हियस चॅलेंज’ नावाची खुली स्पर्धा सुरू झाली. गुंडाळ्यांच्या आतील क्ष-किरण प्रतिमा सर्वांसाठी खुल्या करण्यात आल्या आणि आव्हान दिले गेले : न उलगडता वाचून दाखवा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एकवीस वर्षांच्या एका अमेरिकी विद्यार्थ्याने पहिला शब्द वाचल्याचे जाहीर झाले. तो ग्रीक शब्द होता, अर्थ ‘जांभळा’. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच्यासह तिघा तरुणांना सात लाख डॉलरचे मुख्य पारितोषिक मिळाले.

४/
तिघांच्याही हाती जे हत्यार होते ते म्हणजे जीपीयू, म्हणजे मुळात व्हिडिओ गेमची चित्रे रंगवण्यासाठी बनलेली चिप. बातम्यांनी चिपचे कौतुक केले, बुद्धिमत्तेचे केले. मला अधिक महत्त्वाची वाटते ती स्पर्धेची एक अट. मुख्य पारितोषिकाच्या आधी लहान लहान बक्षिसे ठेवली होती, आणि ती घेणाऱ्याने आपला कोड सर्वांना खुला करायचा होता. एकाने काल शोधलेली युक्ती दुसरा आज वापरत असे. स्पर्धा ही एका परीने मोठी कार्यशाळाच झाली.

आजचा थ्रेड या कार्यशाळांचा आहे. शास्त्रज्ञ जीपीयूवर आज्ञावली लिहायला कसे शिकतात, आणि त्या इतिहासात आपल्या मुलखाचा वाटा कोणता?

५/
आधी यंत्र समजून घेऊ. भोकरदनच्या शिवारातली कापूस वेचणी डोळ्यांसमोर आणा. साधा प्रोसेसर म्हणजे शेतीची सगळी कामे जाणणारा एक कसबी गडी. जीपीयू म्हणजे ओळीने उभे राहिलेले हजारो वेचणारे. प्रत्येकाला एकच काम ठाऊक, पण सगळे ते एकाच वेळी करतात. शेत मोठे असेल तर गड्याला आठवडा लागेल तिथे हे दुपारपर्यंत मोकळे होतील.

मात्र अडचणी तिथूनच सुरू होतात. हे वेचणारे शेजारच्या गावचे आहेत. त्यांना आणणे, कापूस भरून परत पाठवणे यात वेळ जातो; जीपीयूची स्मृती वेगळी असते आणि विदा तिकडे नेऊन परत आणावी लागते. काम फारच थोडे असेल तर ने-आणच महाग पडते. शिवाय पुढच्याचे बोंड वेचल्याशिवाय मागच्याला हात लावता येत नसेल, तर हजार माणसे असूनही काम एकाच्याच गतीने चालणार.

६/
या शेवटच्या अडचणीचे गणित जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्येच मांडले होते. शंभर मिनिटांच्या कामातील दहा मिनिटांचे काम एकामागून एक असेच करावे लागणार असेल, तर उरलेल्या नव्वद मिनिटांसाठी कितीही हात लावा, एकूण वेग दहापटीपलीकडे जाणार नाही. म्हणून जुनी आज्ञावली उचलून जीपीयूवर ठेवली की झाले, असे कधीच होत नाही. पद्धतच नव्याने रचावी लागते. ही नवी रचना करणारी माणसे यंत्राबरोबर खोक्यात भरून येत नाहीत.

७/
आता पुणे. ‘अमेरिकेने महासंगणक नाकारला, म्हणून आपण परम बनवला’ ही गोष्ट दर काही महिन्यांनी आपल्या सर्वांच्या फीडमध्ये फिरते. ती अर्धी खरी आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी हवा असलेला अधिक शक्तिशाली क्रे मिळाला नाही. पण हवामान अंदाजासाठी त्याहून लहान असा क्रे एक्स-एमपी दिल्लीला आला, तोही वापरावर कडक अटी घालून. या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली, तीन वर्षांची मुदत आणि तीस कोटी रुपये देऊन. नेतृत्व डॉ. विजय भटकर यांचे. १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला.

८/
या कथेत एक तांत्रिक तपशील नेहमी गाळला जातो, आणि आपल्या विषयाला तोच कळीचा आहे. क्रेची ताकद थोड्या पण अतिवेगवान प्रोसेसरमध्ये होती. तसे प्रोसेसर मिळण्याची शक्यता नव्हती. म्हणून सी-डॅकने ट्रान्सप्युटर नावाच्या, बाजारात मिळणाऱ्या चिप घेतल्या आणि अनेक एकत्र जोडल्या. नाइलाजाने का होईना, पुण्याने समांतर संगणनाची वाट धरली. जीपीयूवर सर्वसाधारण गणिते करण्याची सोय देणारे ‘कुडा’ २००७ मध्ये आले. त्याच्या सोळा वर्षे आधी पुण्यातील एक पिढी एकच काम अनेक तुकड्यांत कसे विभागावे, तुकड्यांनी एकमेकांना निरोप कसे धाडावेत आणि कोणी कोणासाठी थांबावे, याच विवंचनेत होती.

या दोन गोष्टींमध्ये सरळ रेघ ओढण्याचा मोह मी आवरतो. ट्रान्सप्युटर आणि जीपीयू यांची जात वेगळी. पण समांतर विचार करण्याची सवय ही हस्तकलेसारखी असते; माध्यम बदलले तरी हात काही विसरत नाही.

९/
याला आपल्याच विषयातला दाखला आहे. सांचीच्या महास्तूपाच्या दक्षिण तोरणावर एक लहानसा लेख आहे. तिथले कोरीवकाम विदिशेच्या दंतकारांनी केले, असे तो सांगतो. हस्तिदंतावर काम करणारे लोक दगडावर उतरले. तोरणाची ती दाट, एकही जागा मोकळी न सोडणारी नक्षी पाहिली की हस्तिदंताची सवय दगडात उतरलेली दिसते. जुनी आज्ञावली नव्या यंत्रावर नेण्याच्या कामाला संगणकवाले ‘पोर्टिंग’ म्हणतात. दंतकारांना हा शब्द ठाऊक नव्हता, एवढेच.

१०/
यंत्र झाले, पण ते चालवणारे? सी-डॅकने १९९३ मध्ये पुण्यात प्रगत संगणन प्रशिक्षण शाळा सुरू केली. ‘ॲक्ट्स’ या नावाने ती मराठवाड्यातल्या अभियांत्रिकीच्या मुलांना चांगली परिचित आहे. तिचे बहुतेक पदविकाधारक आयटी कंपन्यांत गेले, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु प्रत्यक्ष संशोधन करणारा रसायनशास्त्रज्ञ किंवा हवामानशास्त्रज्ञ पूर्णवेळ पदविका करायला येऊ शकत नाही. त्याच्यासाठी चार-पाच दिवसांच्या कार्यशाळा निघाल्या. सी-डॅकची २०१३ मधील ‘हायपॅक’ ही त्यांपैकीच एक. जीपीयू आणि इतर सहप्रोसेसरांवर विज्ञानाची आज्ञावली कशी चालवावी, हाच तिचा विषय.

११/
त्याच काळात नारायणगावजवळ खोडद येथे काय चालले होते ते पाहण्यासारखे आहे. तिथली जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण. तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. आकाशाचे चित्र मिळवायचे तर प्रत्येक तबकडीचा संकेत इतर प्रत्येकीच्या संकेताशी ताडून पाहावा लागतो. तीस तबकड्यांच्या जोड्या होतात ४३५. प्रत्येक जोडीचे गणित प्रत्येक वारंवारतेसाठी, आणि तेही संकेत येत असतानाच करायचे. थांबायला वेळ नाही.

१२/
पूर्वी हे काम खास त्यासाठी घडवलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करत असे. २०१० च्या सुमारास ते बाजारात मिळणाऱ्या साध्या संगणकांच्या समूहावर आणले गेले. मग दुर्बिणीचा कायापालट करायचे ठरले. एका वेळी टिपायचा वारंवारतांचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झवर न्यायचा होता. म्हणजे गणिताचा भार बारापटीहून अधिक. इथे जीपीयू आले. ४३५ जोड्यांचे गणित एकमेकांवर अवलंबून नाही. वेचणाऱ्यांच्या ओळीला साजेसे याहून उत्तम शेत शोधून सापडणार नाही.

१३/
परंतु खगोलशास्त्राच्या अभियंत्यांना जीपीयू शिकवले कोणी? कोणा एकाने नाही. ऑस्ट्रेलियातील स्विनबर्न विद्यापीठाचे संशोधक आणि एनव्हीडियाचे अभियंते यांच्यासह एनसीआरएची मंडळी कोडवर बसली. रेडिओ दुर्बिणींची उपकरणे मिळून घडवणाऱ्या ‘कॅस्पर’ या आंतरराष्ट्रीय गटाची कार्यशाळा २०११ मध्ये पुण्यात भरली. या गटाची रीत साधी आहे : एका वेधशाळेने केलेली रचना दुसरीने पुन्हा करत बसायची नाही, ती घ्यायची आणि सुधारून परत द्यायची. हर्क्युलेनियमच्या स्पर्धेतील ती अट आठवली का?

१४/
ज्याला आज ‘जीपीयू हॅकेथॉन’ म्हणतात त्याचा जन्म मात्र अमेरिकेत, ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत झाला. २०१२ मध्ये तिथे टायटन हा महासंगणक उभा राहिला, १८,६८८ जीपीयू असलेला, आणि त्या नोव्हेंबरात जगात पहिल्या क्रमांकाचा. पहिला क्रमांक मिळाला, पण वर्षानुवर्षे फोर्ट्रानमध्ये लिहीत आलेल्या शास्त्रज्ञांना त्या जीपीयूंचा उपयोग कसा करावा हे उमगेना. व्याख्याने झाली, पुस्तिका निघाल्या. २०१४ मध्ये प्रयोगशाळेने वेगळा प्रयोग केला : शास्त्रज्ञांनी आपापला खरा कोड घेऊन यावे आणि जाणकारांनी त्यांच्या शेजारी बसावे.

१५/
ही रीत तपशिलाने सांगतो, कारण ‘हॅकेथॉन’ म्हटले की आपल्याला पिझ्झा, रात्रभर जागरण आणि शेवटी एक दिखाऊ ॲप आठवते. इथे तसे काही नसते. तीन ते सहा जणांचा संघ येतो, बरोबर आपल्या संशोधनाचा चालता कोड आणतो. प्रत्येक संघाला बहुधा दोन मार्गदर्शक मिळतात. पहिले काम कोड बदलण्याचे नसून मोजण्याचे असते. ‘प्रोफायलर’ नावाचे साधन लावून वेळ नेमका कुठे जातो ते पाहायचे. अनेकांना इथेच पहिला धक्का बसतो. ज्या भागावर त्यांनी वर्षभर घाम गाळला तो भाग मुळी वेळ खातच नसतो.

१६/
दुसरा धक्का पहिल्या यशानंतरचा. कोड जीपीयूवर चालतो, उत्तर बरोबर येते, आणि वेळ पूर्वीपेक्षा जास्त लागतो! कारण विदेची ने-आण. शेजारच्या गावचे वेचणारे आले, एक बोंड वेचले, परत गेले, पुन्हा आले. विदा एकदाच तिकडे नेऊन सगळी कामे तिथेच उरकायची, हे कळायला आणि कोडमध्ये उतरवायला दोन दिवस जातात. पुस्तकात हे एका वाक्यात लिहिलेले असते. आपल्याच कोडमध्ये ते घडताना पाहिल्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

१७/
तिसरी गोष्ट मला इतिहासाचा विद्यार्थी म्हणून फार आवडली. संगणक दशांश संख्यांची बेरीज करताना दर वेळी थोडी काटछाट करतो. म्हणून त्याच संख्या वेगळ्या क्रमाने मिळवल्या तर शेवटचे आकडे थोडे बदलतात. जीपीयूवर हजारो हात मिळून बेरीज करतात तेव्हा क्रम बदलतोच. मग जुन्या आणि नव्या उत्तरात पंधराव्या स्थानावर फरक दिसतो. ही चूक, की निरुपद्रवी पाठभेद? हे यंत्र सांगत नाही, मार्गदर्शकही सांगू शकत नाही. ते त्या विषयाचा जाणकारच सांगू शकतो. म्हणूनच संघात शास्त्रज्ञ लागतो, नुसता प्रोग्रॅमर पुरत नाही.

१८/
भारतात ही रीत राष्ट्रीय महासंगणन अभियानाच्या छत्राखाली आली. २०१५ मध्ये मंजूर झालेल्या या अभियानाचा खर्च ४,५०० कोटी रुपये, आणि राबवणाऱ्या संस्था सी-डॅक व भारतीय विज्ञान संस्था. २०२० मध्ये सी-डॅकने एनव्हीडिया आणि ओपनएसीसी संघटनेसह कोविडवरील संशोधनासाठी ‘समहार’ हॅकेथॉन घेतली. टाळेबंदीमुळे जगभरच्या हॅकेथॉन त्या वर्षी घरोघरच्या पडद्यांवर गेल्या. त्याच नोव्हेंबरात सी-डॅकच्या परम सिद्धी-एआयने जागतिक यादीत ६३वा क्रमांक पटकावला. पुढे अभियानाने प्रशिक्षणासाठी चार केंद्रे नेमली : खरगपूर, चेन्नई, पलक्कड आणि गोवा येथील आयआयटी. त्यांतले एक आपल्या शेजारी आहे, हे आपल्यापैकी कितींना ठाऊक असेल?

१९/
क्रमांकांच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे परम रुद्र महासंगणकांचे लोकार्पण झाले, पुण्याचा जीएमआरटीसाठी. तेही गाजले. प्रशिक्षणाच्या बातम्या मात्र पहिल्या पानावर येत नाहीत. माझी तक्रार आहे ती या लेखनपद्धतीबद्दल. आपण संगणनाचा इतिहास राजे-रजवाड्यांच्या इतिहासासारखा लिहितो : कोणाचे यंत्र मोठे, कोणाचा क्रमांक वरचा, कोणी कोणाला नकार दिला. सातवाहनांचा इतिहास लिहिताना आपण केव्हाच श्रेणी, दंतकार, कोलिक यांच्याकडे वळलो. संगणनाच्या इतिहासात अजून राज्याभिषेकच चालू आहेत.

२०/
आणि याचा परिणाम होतो. यंत्र हेच सर्वस्व मानले की तालुक्याच्या महाविद्यालयातील मुलगा म्हणतो, आमच्याकडे यंत्र नाही, विषय संपला. वस्तुस्थिती अशी की प्रशिक्षण शिबिरांत जीपीयू दूरवरून वापरायला दिला जातो. घरी साधा लॅपटॉप आणि बरे इंटरनेट लागते. ‘एन-वेज’ नावाचे दोन दिवसांचे शिबिर तर एकच लहानसे रेणुशास्त्रीय गणित वेगवेगळ्या पद्धतींनी करून दाखवते, आणि ज्याला पायथनच येते त्यालाही त्यात वाट सापडते.

पण खऱ्या हॅकेथॉनला प्रवेश मागताना विचारले जाते ते वेगळेच : तुमचा संघ कोणता, तुमचा कोड कोणता, तुमचा प्रश्न कोणता? लॅपटॉप उसना मिळतो, प्रश्न उसना मिळत नाही. पुण्याच्या प्रयोगशाळेतील विद्यार्थ्याला तो वरिष्ठांकडून आयता मिळतो. भोकरदनच्या विद्यार्थ्याला तो स्वतः शोधावा लागतो. ही दरी नुसत्या ऑनलाइन दुव्याने बुजलेली नाही.

२१/
तरी एक प्रश्न आपल्या दाराशीच पडून आहे. मोडी. पेशवे दप्तरापासून गावच्या पाटील-कुलकर्ण्यांच्या पेट्यांपर्यंत अमाप कागद, आणि वाचणारे मोजके. २०२५ मध्ये आयआयटी रुरकी आणि पुण्याचे सीओईपी येथील संशोधकांनी मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणारे प्रारूप मांडले. त्यासाठी २,००० हून अधिक मोडी प्रतिमा आणि त्यांची जाणकारांनी तपासलेली लिप्यंतरे जमवली. असे प्रारूप जीपीयूवर शिकवावे लागते, हे आता वेगळे सांगायला नको.

२२/
मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळत नाहीत. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. ओळ आधी आखून घेतात आणि अक्षरे तिला लटकवतात. लेखणी उचलायची नाही म्हणून अक्षरांचे आकार वळलेले, आणि दर लेखकाचे वळण निराळे. यंत्राने ‘दिन’ वाचले की ‘दीन’, हे ठरवायला संदर्भ लागतो, आणि तो संदर्भ ज्याने शे-दोनशे कागद डोळ्यांखालून घातले आहेत त्याच्याकडेच असतो. वर पाठभेदाबद्दल जे म्हटले ते इथे शब्दशः लागू पडते. संघातील तीन ते सहा जणांपैकी एकाला तरी मोडी आली पाहिजे.

२३/
तेव्हा या थ्रेडखाली मला दोन प्रकारच्या लोकांची उत्तरे हवी आहेत. ज्यांना मोडी वाचता येते त्यांनी आपला तालुका लिहावा. ज्यांनी सी-डॅक, आयआयटी गोवा किंवा इतरत्र जीपीयूचे शिबिर केले आहे त्यांनी वर्ष आणि आपण नेलेला प्रश्न लिहावा. जुळणारी नावे मी एकमेकांना कळवीन.

पुढील थ्रेड तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयावर. तिथल्या हस्तिदंती प्रतिमेची गोष्ट अपुरी राहिली आहे.